मॅडमच्या बंगल्यातली शेवटची खोली

११ जून २०१०

ही डायरी बँकेनं ह्यांना नवीन वर्षाला दिली होती. पहिल्या पानावर ह्यांनी नाव घातलं, रक्तगट लिहिला आणि कपाटात ठेवून दिली. बाकी पानं कोरी आहेत. टाकवत नाही म्हणून लिहिते. मला लिहायची सवय नाही. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण गप्प राहायचं, तेच अंगवळणी पडलं.

ह्यांना जाऊन महिना झाला. सकाळी दाढी करता करता छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. तेरवीला आलेले पाहुणे गेले. श्रावण अमरावतीला परत गेला, त्याची नोकरी तिथं आहे. निघताना म्हणाला, "आई, इथं एकटी काय करशील? दसरा झाला की टेम्पो घेऊन येतो. वलगाव रोडवरच्या घरात एक खोली रिकामीच आहे." मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

१४ जून

आज पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर पुसला. हे रिटायर झाले तेव्हा श्रावणनं त्याचा जुना कॉम्प्युटर इथं आणून ठेवला. मला वाटलं, काहीतरी शिकतील. शिकले ते एकच, भुताचा खेळ.

रोज दुपारी तीनला लोडशेडिंग संपून लाइन आली की मागच्या गल्लीतले अब्दुल गफ्फार यायचे. ते रफूगर आहेत. शालू असो की कोट, फाटलेलं असं भरतात की बोट फिरवलं तरी कळत नाही. दोघं दार लोटून बसायचे आणि पाचला लाइन गेली की उठायचे. मी दोन कप चहा आत ठेवायची आणि परत फिरायची. चार वर्षं हेच चाललं. मधूनच आतून गफ्फारभाईंचा आवाज यायचा, "साहेब, मॅडम आली!" आणि मग दोघंही चूप. सुरुवातीला मला नाही नाही ते वाटलं. एकदा मुद्दाम चहा लवकर घेऊन गेले, तर पडद्यावर पांढऱ्या झग्यातली एक बाई उभी होती, डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. हे म्हणाले, "ठेव चहा. मॅडमले भिऊ नको, ते कोणाले काही करत नाही."

आज मीच तो खेळ लावला. ह्यांचं नाव आलं, त्यावर दाबलं, तर एकदम एक खोली उघडली. अडगळीनं गच्च भरलेला माळा. खाली वस्तूंची नावं इंग्रजीत होती आणि सगळ्यांवर रेघ मारलेली. एकच उरलं होतं, थिंबल. श्रावणच्या शाळेची डिक्शनरी काढून पाहिलं. शिवताना बोटात घालतात ती धातूची टोपी, म्हणजे अंगुस्ताना.

चार वर्षं बसून दोघांना एवढा एक अंगुस्ताना सापडला नाही, याचं नवल वाटलं.

१५ जून

सापडला नाही.

२३ जून

आता खोली ओळखीची झाली आहे. डाव्या हाताला लाकडी घोडा, त्याच्यामागं फुटका आरसा. मधे पेट्या, पक्ष्याचा पिंजरा, चार-पाच घड्याळं, छत्र्या, माणसाची कवटी, तिच्यावर ठेवलेली हॅट. उजवीकडं फळीवर बरण्या, किल्ल्या, एक लाकडी बाहुली, सुकलेली फुलं. कोपऱ्यात मेणबत्ती आहे, पण विझलेली. तिच्यावर बाण नेला की लिहून येतं, या खोलीत मदत मिळणार नाही.

चुकीच्या जागी फार वेळा दाबलं की पडदा काळा होतो. कोणीतरी जवळ श्वास घेतल्यासारखा आवाज येतो आणि मॅडम एका बाजूनं दुसऱ्या बाजूला निघून जाते. पहिल्यांदा मी उठून स्वयंपाकघरात गेले होते. आता बसून राहते. घरात तेवढीच कोणाची तरी चाहूल.

हे कधी काही अर्धवट ठेवत नसत. घड्याळ बंद पडलं तरी त्याच दिवशी सेल आणायचे. त्या दिवशी दाढी तेवढी अर्धी राहिली. नेण्याआधी श्रावणनं न्हावी बोलावून ती पुरी करून घेतली. मग हा अंगुस्ताना तरी कशाला राहू द्यायचा?

२ जुलै

आज एक गोष्ट मनाला लागली.

सकाळी ओसरीवर गहू निवडत होते. गफ्फारभाई छत्री घेऊन रस्त्यानं येत आमच्या फाटकापर्यंत पोचले. मी दिसताच त्यांनी मान खाली घातली आणि आल्या पावली परत गेले. आवाज द्यायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मागच्या आठवड्यात भाजीबाजारातही हेच झालं. मला पाहून त्यांनी रस्ता बदलला.

ह्यांना नेलं तेव्हा ते मोर्णा नदीच्या काठापर्यंत सगळ्यांच्या पुढं चालत होते. तेरवीच्या दिवशी बाहेर मांडवात बसून होते. त्यानंतर एकदाही घरात पाऊल नाही. नसीमबानो, त्यांच्या घरच्या, असत्या तर विचारलं असतं. पण नगमाचं, त्यांच्या मोठ्या मुलीचं, बाळंतपण म्हणून त्या बाळापूरला आहेत.

चार वर्षं रोज चहा पाजला. सगळी मैत्री खेळापुरतीच होती असं दिसतं. साहेब गेले, काम संपलं.

१८ जुलै

श्रावण आणि रागिणी आले होते. ह्यांचे कपडे वाटायला काढले. रागिणी कामाला चपळ आहे, पण प्रत्येक शर्ट मला दाखवून मगच गठ्ठ्यात ठेवत होती. कॉम्प्युटर तिच्या भावाला द्यायचं ठरलं आहे.

"फॉरमॅट मारून देतो," श्रावण म्हणाला.

"म्हणजे काय करतोस?"

"सगळं पुसून टाकायचं. नवा होते मग."

मी त्याला अंगुस्तान्याचं सांगितलं. तो हसला, पण खुर्ची ओढून बसला. रागिणी त्याच्या खांद्यावरून पाहत होती. त्यानं दिसेल तिथं दाबायचा सपाटा लावला, तेव्हा मॅडम आली. रागिणी किंचाळली आणि कपड्यांचा गठ्ठा पडला.

"अव माय! बाबा हे पाहत होते रोज? तेही जेवण झाल्यावर?"

"हा गेम तर दोन दिवसांत संपते," श्रावण म्हणाला. "बाबांनी चार वर्षं काय केलं?" बराच वेळ शोधून त्यानं माऊस सोडला. "डोळे गेले माझे. गफ्फारचाचांले विचार न, आई."

"ते येत नाहीत."

"काहून?"

"माहीत नाही."

"मग मी जाऊन विचारतो."

"काही गरज नाही," मी म्हटलं. ज्यानं आपल्याला पाहून रस्ता बदलला त्याच्याकडं अंगुस्ताना मागायला मुलाला पाठवायचं? त्यापेक्षा मीच शोधीन. दसऱ्यापर्यंत वेळ आहे. नंतर ती खोलीच राहणार नाही.

५ ऑगस्ट

दिवसभर पावसाची झड लागली आहे. लाइन नव्हती, म्हणून खेळ झाला नाही.

नळाला पाणी आलं तेव्हा ह्यांची आठवण झाली. हे तलाठी होते. शेवटची काही वर्षं फार वाईट गेली. कुठल्या तरी गावात कोणीतरी औषध प्यालेलं असायचं आणि ह्यांना पंचनाम्याला जावं लागायचं. घरात काय काय आहे ते पाहायचं, बायकोला विचारायचं, मग कारण लिहून सही करायची. कारणावरून ठरायचं, त्या घराला मदत मिळणार की नाही. घरी आले की नळाखाली हात धरून उभे राहायचे. पाणी वाहत राहायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा म्हटलं, "पुरे, टाकी रिकामी होईल." तर लगेच बंद केला. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्याकडं विचारायची पद्धत नव्हती.

रिटायर झाल्यावर माणूस देवळात जातो, बागेत जातो. ह्यांना मेलेल्या बाईच्या घरात वस्तू शोधत बसायला का आवडायचं, कोण जाणे.

२७ ऑगस्ट

गफ्फारभाईंची सून रुबीना येऊन गेली. ह्यांनी उन्हाळ्याआधी कोट रफूला दिला होता, तो घेऊन आली. रोज्याचे दिवस, तिला पाणी विचारायचं नाही हे माझ्या वेळेवर लक्षात आलं.

"अब्बांनी पाठवला."

"स्वतः येता नाही आलं त्यांना?"

"अब्बा अभी नहीं आ सकते, आंटी," म्हणाली आणि गेली. त्यांचं दुकान माझ्या गच्चीवरून दिसतं. काय नाही येता येत?

पैसेही घेतले नाहीत. मी कोट उजेडात धरून सगळा पाहिला. उजव्या बाहीवर खिळ्यानं चांगलाच फाटला होता, मी स्वतः पाहिलं होतं. आता बाही उलटी केली, सुलटी केली, कुठं फाटला होता तेच सापडेना. चष्मा बदलायला हवा.

८ सप्टेंबर

पोळा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. बाहेर गेले नाही. यंदा आमच्याकडं सण नाही.

अंगुस्ताना सापडला नाही. आता मला झोपेतसुद्धा ती खोली दिसते, पण तिथंही सापडत नाही.

११ सप्टेंबर

आज ईद आणि गणपती एकाच दिवशी आले. रस्त्यावर एका बाजूनं ताशे, दुसऱ्या बाजूनं नवे कपडे घातलेली मुलं. आमच्याकडं यंदा गणपती नाही. वर्षाच्या आत बसवत नाहीत.

दुपारी नसीमबानो शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. परवाच बाळापूरहून परतल्या. माझ्या गळ्यात पडून रडल्या, मग स्वतःच डोळे पुसून म्हणाल्या, "आधी खा. थंडा झाला की मजा नाय."

मी खाल्ला. मग मला राहवलं नाही. "भाईजान चांगलेच विसरले आम्हाला," मी म्हटलं.

"विसरले? कोण विसरलं?"

"तेरवीपासून एकदा आले नाहीत. फाटकातून परत जातात. मला पाहून रस्ता बदलतात."

नसीमबानो माझ्याकडं पाहतच राहिल्या. "अव बाई, तुमी इद्दतीत हाय न!"

"कशात?"

"इद्दत! आमच्यात मर्द गेला की बाई चार महिने दहा दिवस घरात बसते. पराया मर्द तिच्या सामने येत नाय. ते म्हनले, साहेबांची बीवी हाये, माह्याकडून तिची बेअदबी नको."

"पण आमच्यात तसं नसतं."

"तेच तर मी फोनवर सांगून राहिली होती! म्हटलं, त्यायच्यात तेरवी झाली की झालं. तर म्हने, त्यायच्यात नसंल, इज्जत त सगळ्यायची सारखीच असते न. आता सांगा, ह्या मानसाले काय म्हनायचं?"

"पण मी तर बाजारातही जाते."

"मंग! बाजारात तुमी फिरता, अन् तोंड ते लपवून राहिले. त्या दिवशी तुमाले पाहून गटारात पाय गेला त्यायचा. चप्पल गेली एक."

मला हसू आलं. थांबेचना. शेजारच्या ओसरीवर माणसं होती, म्हणून पदर तोंडाला लावला. मे महिन्यापासून मी हसले नव्हते हे हसताना कळलं. पदर बाजूला केला तेव्हा तो ओला होता.

"संपते आता," नसीमबानो म्हणाल्या. "पुढच्या हप्त्यात. बरोबर हिशेब ठेवून हाय ते. तुमाले ठाऊक नाय, अन् तुमची इद्दत ते पाळून राहिले."

१२ सप्टेंबर

माझी चूक झाली. त्यांचीही झाली म्हणा. पण त्यांची चूक माझ्या चुकीपेक्षा चांगली होती.

१९ सप्टेंबर

आज तीन वाजता दोघं आले. गफ्फारभाई ओसरीच्या खालीच थांबले, जसं पहिल्यांदाच येत आहेत. पांढरा कुर्ता, पायात नव्या चपला. मी म्हटलं, "या, भाईजान." तरी नसीमबानो पुढं झाल्यावरच आत आले.

मग त्यांनी विचारलं, "कोट पोचला न, भाभी?"

"पोचला. फाटलेला कुठं होता ते मात्र सापडलं नाही."

त्यांचा चेहरा जरा खुलला. "मग झालं काम."

मी पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. ह्यांच्या खुर्चीवर ते बसेनात, म्हणून मी बसले. ते आपल्या नेहमीच्या स्टुलावर. नसीमबानो पलंगावर मेथीची जुडी घेऊन बसल्या, येतानाच घेऊन आल्या होत्या. मी कॉम्प्युटर लावला. ती खोली उघडली तसे गफ्फारभाई पुढं झुकले.

"एवढा एक अंगुस्ताना राहिला आहे," मी म्हटलं. "जूनपासून शोधते. दसऱ्यानंतर श्रावण हे सगळं पुसणार आहे. त्याआधी ह्यांचं पुरं करून टाकावं म्हणते."

"भाभी," ते हळूच म्हणाले, "मी रफूगर हाये. माझी जिंदगी अंगुस्ताना घालून गेली. मले अंगुस्ताना सापडनार नाय?"

त्यांनी पडद्याला न लावता बोट धरलं. फळीवरची लाकडी बाहुली. तिच्या डोक्यावरची टोपी. मी ती बाहुली शंभरदा पाहिली असेल. टोपी आहे म्हणून सोडून दिलं.

मी बाण तिच्यावर नेला.

"दाबू नका!" ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "म्हनजे, तुमची मर्जी. पन आधी ऐका."

त्यांनी सांगितलं ते असं. खेळ दोघं पहिल्यांदा खेळले तेव्हा महिनाभरात इथं पोचले. हे इंग्रजी वाचून वस्तू सांगायचे, गफ्फारभाई शोधायचे. शेवटी अंगुस्ताना. त्या दिवशी गफ्फारभाई जिलबी घेऊन आले होते. अंगुस्ताना दाबला, तर माळा गेला आणि पाच तसबिरी आल्या. मॅडमचा नवरा, भाऊ, डॉक्टर, मोलकरीण, माळी. खाली लिहिलेलं, या बाईच्या मरणाला कारण कोण?

"मी म्हटलं, साहेब, डॉक्टर बदमाश दिसते, लावा त्याले. साहेबायनं माऊस सोडून देला. पाहतच राहिले. मंग उठले अन् नळावर हात धुवाले गेले. जिलबी तर अजून उघडलीच नव्हती."

मला नळाचा आवाज ऐकू आला.

"वापस आले तर म्हनले, गफ्फारभाई, कारण लिहायचं काम आपून करून चुकलो. आता नाय. पाहा लागते, शोधा लागते, एवढंच करू. अन् बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी आलो तर पुन्हा फाटकापासून सुरू करून बसले होते. तेव्हापासून असंच. इथपर्यंत यायचं, अंगुस्ताना पाहायचा, अन् वापस."

"चार वर्षं?"

"चार वर्षं. मजा येत होती, भाभी. दर वेळी चिजांच्या जागा बदलतात. फकत हा बदलत नाय."

पलंगावरून नसीमबानो म्हणाल्या, "अन् मले सांगत होते, साहेबायले कॉम्प्युटर शिकवून राहिलो."

बाण अजून बाहुलीवर होता. मी हात काढून घेतला.

ह्यांनी काही अर्धवट ठेवलं नव्हतं. मला तसं वाटलं, एवढंच. एवढं सगळं ह्यांनी ह्या स्टुलावर बसलेल्या माणसाला सांगितलं आणि मला नाही, याचं वाईट वाटतं का, ते मी दुपारपासून पाहते आहे. थोडं वाटतं. पण कोणाला तरी सांगितलं, हे बरं झालं.

"फाटक कसं आहे?" मी विचारलं. "मी कधी पाहिलंच नाही."

गफ्फारभाईंनी दाखवलं. ह्यांच्या नावाला हात न लावता खाली दुसरं नाव घालता येतं. मी एका बोटानं विमल असं टाइप केलं. गंजलेलं मोठं फाटक आलं, झाडं, धुकं, वर बंगल्याची एक खिडकी उजळलेली. मी यादी वाचायला लागले. "घुबड. कंदील. कुऱ्हाड..."

"ते काय घुबड, झाडावर," मेथी निवडता निवडता नसीमबानो म्हणाल्या. "चष्मे लावून बसले दोघं अन् दिसत नाय."

"तू भाजी पाहा व," गफ्फारभाई म्हणाले.

तेवढ्यात खिडकीत ती बाई येऊन उभी राहिली. गफ्फारभाईंनी कपाळाला हात लावला. "सलाम, मॅडम," म्हणाले. "साहेब नाय आले. भाभी हाये."

पाच वाजता लाइन गेली तेव्हा कुऱ्हाड सापडायची राहिली होती.

२० सप्टेंबर

सकाळी श्रावणला फोन केला. म्हटलं, कॉम्प्युटर पुसायचा नाही, रागिणीच्या भावाला दुसरा पाहा.

"बरं. अन् दसऱ्याले टेम्पो सांगून ठेवला हाये."

"नको सांगू. यंदा मी इथंच राहते. होळीनंतर पाहू."

"आई? काहून पण? काही झालं का?"

"कारण लिहून द्यावं लागतं का?" मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. एक्स्चेंजमध्ये अशी शांतता खूप ऐकली आहे. लाइन चालू असते, फक्त माणूस विचार करत असतो. मग म्हणाला, "नाही. नाही लागत." आणि विचारलं, "अंगुस्ताना सापडला का?"

"सापडला. तिथंच आहे."

तीनला लाइन येईल. तीन कप धुऊन ठेवले आहेत.